खिशातल्या घड्याळाची झिजलेली डबी

अमरावती-नागपूर मार्गावरील गुरुकुंज मोझरी येथे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवात दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी सामुदायिक मौन श्रद्धांजली वाहिली जाते, कारण ११ ऑक्टोबर १९६८ रोजी महाराजांचे महानिर्वाण त्याच मिनिटाला झाले. हजारो माणसांच्या मेळाव्याने एका नेमक्या मिनिटाशी स्वतःला असे बांधून घ्यावे, ही गोष्ट आज स्वाभाविक वाटते. परंतु दीडशे वर्षांपूर्वीच्या वऱ्हाडात ती शक्य नव्हती. तेव्हाचा दिवस प्रहरांत आणि चोवीस मिनिटांच्या घटकांत मोजला जाई, मुहूर्तासाठी पाण्यात घटिकापात्र सोडले जाई, आणि शेतावरच्या माणसाला सूर्याची उंची पुरत असे. मिनिट हे माप वऱ्हाडात रूढ झाले ते प्रामुख्याने रेल्वेमुळे, आणि ज्या वस्तूने ते माणसाच्या अंगावर आणून ठेवले ती वस्तू म्हणजे साखळीला अडकवलेले खिशातले घड्याळ.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, वऱ्हाडच्या कापसाला अभूतपूर्व भाव आला, आणि त्याच सुमारास मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. खामगावच्या कापूस बाजाराला मुख्य मार्गाशी जोडणारी जलंबची शाखा १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाली आणि पाठोपाठ बडनेऱ्याहून अमरावतीलाही फाटा निघाला. गाडी मद्रासच्या वेळेने धावे, मुंबईचे घड्याळ त्याहून सुमारे अर्धा तास मागे असे, आणि गावाची वेळ या दोहोंपेक्षा निराळी. हा घोळ १ जानेवारी १९०६ रोजी भारतीय प्रमाण वेळ लागू झाल्यावर कमी झाला, तरी मुंबईने स्वतःची वेळ त्यानंतरही अनेक वर्षे सोडली नाही. अशा काळात स्टेशनमास्तर, गार्ड, अडते, जिनिंग कारखान्यांचे मालक, वकील आणि मालगुजार यांच्या जाकिटात घड्याळ आले. वेस्ट एंड वॉच कंपनीची मुंबई आणि कलकत्ता अशी नावे तबकडीवर मिरवणारी स्विस घड्याळे हिंदुस्थानात मोठ्या प्रमाणावर खपली. ज्यांना ती परवडत नसत त्यांच्यासाठी जॉर्ज फ्रेडरिक रॉसकॉफ याने १८६७ मध्ये बाजारात आणलेल्या स्वस्त बांधणीची घड्याळे होती. मूळ रॉसकॉफ घड्याळाची किंमत वीस फ्रँक, म्हणजे कारागिराच्या साधारण आठवड्याभराच्या मजुरीइतकी, असावी असा त्याच्या कर्त्याचा हेतू होता.

यांतली पुष्कळशी घड्याळे आता ट्रंकेत, देव्हाऱ्याच्या खणात किंवा दागिन्यांच्या पेटीत पडून आहेत. त्यांच्या दुरुस्तीचा विचार निघतो तेव्हा सगळे लक्ष मशीनकडे, म्हणजे आतील चक्रे, कमान आणि तोलचक्र यांच्याकडे जाते. वास्तविक जुन्या घड्याळाचे मशीन साफ करून, नवे तेल घालून आणि कमान बदलून बहुधा पुन्हा चालू करता येते, कारण त्याचे भाग शेकडो सारख्या घड्याळांत सापडतात. डबीचे तसे नाही. घड्याळजी जिला केस म्हणतो ती ही धातूची डबी त्या एकाच घड्याळाबरोबर झिजलेली असते, आणि तिच्या झिजेतला कोणता भाग बिघाड समजायचा आणि कोणता तसाच राहू द्यायचा, हे ठरवणे हेच डबीच्या दुरुस्तीतले खरे काम आहे. हात चालवण्याचे कौशल्य त्यानंतर येते.

डबीची रचना वरवर साधी दिसते. मधोमध एक जाड धातूचे कडे असते, ज्यात मशीन दोन लहान स्क्रूंनी बसवलेले असते. पुढच्या बाजूस काच धरून ठेवणारे बारीक कडे असते. मागे एक झाकण आणि त्याच्या आत धूळ अडवणारे दुसरे पातळ झाकण असते. जुन्या, किल्लीने चालणाऱ्या घड्याळांत या आतल्या झाकणालाच किल्ली घालण्याची भोके पाडलेली असतात. १८४० च्या दशकात आद्रियें फिलिप याने डोक्यावरची फिरकी पिळून चावी देण्याची रीत सिद्ध केली आणि ती रूढ झाली तसतशी ही भोके नाहीशी झाली. फिरकी ज्या नळीतून आत जाते तिला मान म्हणता येईल, आणि मानेच्या दोन बाजूंच्या भोकांत टोके अडकवून बसवलेल्या कडीत साखळी घालतात. काचेवरही धातूचे झाकण असलेल्या घड्याळाला हंटर म्हणतात, कारण शिकारीत आणि घोडदौडीत काच फुटू नये म्हणून ती रचना आली. त्या झाकणाला मधोमध लहान खिडकी ठेवली की ते हाफ हंटर होते. सारी झाकणे बिजागऱ्यांवर फिरतात, आणि हंटर घड्याळात मधल्या कड्याच्या आत पोलादाच्या दोन वाकवलेल्या पट्ट्या असतात, ज्यांपैकी एक झाकण अडकवून ठेवते आणि दुसरी ते उसळवून उघडते.

झीज होते ती या रचनेच्या ठरावीक जागी. घड्याळ साखळीला लोंबते, त्यामुळे कडीची टोके आणि मानेची भोके एकमेकांना घासत राहतात. भोक आधी अंडाकृती होते, मग त्याची कड इतकी पातळ होते की एखाद्या दिवशी कडी निसटते आणि घड्याळ खाली पडते. कापडाशी सतत घर्षण होणाऱ्या कडांवरची आणि झाकणाच्या फुगीर मध्यावरची नक्षी प्रथम पुसट होते. बिजागरीतली खीळ झिजली की झाकण तिरपे बसते आणि त्याची कड खालच्या कड्याला घासू लागते. हंटर झाकणाची अटक मात्र बहुधा मालकाच्याच सवयीने खराब होते: फिरकी दाबून, झाकण मिटवून, मग बोट सोडण्याऐवजी लोक ते नुसतेच फट्‌कन दाबून बंद करतात, तेव्हा अटकेचा पोलादी दात दर वेळी चांदीच्या किंवा सोन्याच्या मऊ ओठावरून खरवडत जातो, आणि काही वर्षांनी धरायला ओठच उरत नाही. मिटत नाही म्हणून मग झाकणाखाली कागदाची घडी सरकवली जाते, आणि तो कागद दमट होऊन आतली पट्टी गंजवतो.

या झिजेचा परिणाम केवळ दिसण्यावर होत नाही. वऱ्हाडचा उन्हाळा ४५ अंशांपर्यंत चढतो, कोरड्या वाऱ्याबरोबर बारीक धूळ घरादारात शिरते, आणि पाठोपाठ येणारा पावसाळा हवेत ओल भरतो. झाकण केसभर जरी उचललेले राहिले, तरी ही धूळ मशीनच्या तेलात मिसळते आणि तेलाचे काम उलटे होऊन ते चक्रांच्या बारीक आसांना कानशीप्रमाणे घासू लागते. म्हणून डबी घट्ट मिटणे ही गरज आहे, आणि तिच्या दुरुस्तीत पहिला मान या गरजेला द्यावा लागतो. नक्षीचा क्रम पुष्कळ मागून येतो.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी धातू ओळखावा लागतो, आणि येथे फसगत सोपी आहे. पांढऱ्या दिसणाऱ्या पुष्कळ डब्या चांदीच्या नसतातच: जर्मन सिल्व्हर हा तांबे, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू असून त्यात चांदी अजिबात नसते, आणि सिल्व्हरॉइड, सिल्व्हरोड, अल्पाका अशी छापील नावेही याच कुळातली आहेत. खऱ्या चांदीवर ठसे असतात. इंग्लंडमधल्या हजारी ९२५ शुद्धतेच्या चांदीवर चालता सिंह असतो. स्वित्झर्लंडच्या १८८० च्या कायद्याने ८०० शुद्धतेला रानकोंबड्यासारख्या एका पक्ष्याचे आणि ८७५ ला अस्वलाचे चिन्ह ठरवून दिले. पिवळ्या डब्यांत गोंधळ अधिक. अनेक डब्या सोन्याच्या नसून सोन्याच्या पत्र्यांमध्ये पितळ दाबून लाटलेल्या पत्र्याच्या असतात. जेम्स बॉस याने १८५९ मध्ये अमेरिकेत या रीतीचे पेटंट घेतले आणि पुढे इंग्लंडात डेनिसनसारख्या कारखान्यांनी अशा डब्या मोठ्या प्रमाणावर काढल्या. झाकणाच्या आत दहा, वीस किंवा पंचवीस वर्षांची हमी कोरलेली दिसली, तर ती डबी भरीव सोन्याची नाही हे जवळजवळ निश्चित समजावे, कारण हमी दिली जाई ती वरचा सोन्याचा थर तितकी वर्षे टिकेल याची. हमी उलटून शंभर वर्षे झालेल्या अशा डबीच्या कडांना आतले पितळ डोकावू लागले, तर त्यात कारखान्याने शब्द मोडला असे म्हणता येत नाही. काळ्या डब्यांना गनमेटल म्हणतात. त्यांतल्या बहुतेक प्रत्यक्षात काळ्या केलेल्या पोलादाच्या असतात, आणि त्यांना चकाकी आणायला गेले की तो काळेपणा, म्हणजेच त्यांचे सारे रूप, निघून जाते.

प्रत्यक्ष कामाची पहिली अट एकच: मशीन, तबकडी, काटे, काच आणि पोलादी पट्ट्या बाहेर काढल्याशिवाय डबीला हातोडी किंवा आच लावायची नाही. त्यानंतर बिजागरी. बिजागरी म्हणजे झाकणाला आणि कड्याला आळीपाळीने झाळलेल्या बारीक नळ्या आणि त्यांतून आरपार गेलेली एक किंचित निमुळती खीळ. खीळच झिजली असेल तर काम सोपे असते. जुनी खीळ बारीक टोच्याने निमुळत्या बाजूने ठोकून काढायची, भोके एका रेषेत साफ करायची, आणि जर्मन सिल्व्हरच्या तारेतून कानशीने नवी खीळ उतरवून बसवायची. नळ्याच झिजल्या असतील तर नवी नळी लागते, जी पातळ पत्रा गुंडाळून जंतीतून, म्हणजे उतरत्या मापांची भोके पाडलेल्या पोलादी पट्टीतून, ओढून तयार करतात. तारेसाठी आणि नळीसाठी जंती वापरणाऱ्या सोनाराला हे नवीन नसते, आणि तोडे किंवा पाटल्यांचे उघडणारे सांधे करणाऱ्या हाताला घड्याळाची बिजागरी समजायला वेळ लागत नाही.

कठीण प्रश्न झाळण्याचा असतो. झाळणे म्हणजे मूळ धातूपेक्षा कमी तापमानाला वितळणारा डाख सांध्यात वाहू देणे. शुद्ध चांदी ९६२ अंश सेल्सिअसला वितळते, ९२५ ची चांदी ८०० च्या आसपास मऊ पडू लागते, आणि चांदीचा डाख त्याच्या प्रकारानुसार साधारण ६५० ते ७८० अंशांना वाहतो. म्हणजे डाख वाहणे आणि डबीच वाहणे यांच्यात अंतर बेताचे असते, आणि पातळ झालेल्या झाकणात ते आणखी कमी वाटते. सांध्यावर टाकणखार लावतात, कारण तापलेल्या धातूवर हवेतल्या प्राणवायूमुळे ऑक्साइडचा थर धरला तर डाख तेथे चिकटत नाही. भोवतालचे जुने सांधे सुटू नयेत म्हणून त्यांच्यावर ओली माती किंवा खडूचा लेप देतात. तापवण्याने ९२५ च्या चांदीतील तांबे जळून जांभळट डाग पडतात, ते पातळ गंधकाम्लात उजळावे लागतात. पण खोल गेलेला डाग घासूनच निघतो आणि घासणे म्हणजे चांदी कमी करणे.

या त्रासातून सुटण्यासाठी काही जण कथील आणि शिसे यांचा डाख वापरतात, जो १८३ अंशांच्या आसपास वितळतो आणि रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कोणाकडेही मिळतो. जुन्या डबीचे त्याहून मोठे नुकसान दुसरे नाही. तो सांधा नाजूक राहून लवकरच सुटतो, आणि पुढे एखाद्या जाणकाराने चांदीचा डाख लावण्यासाठी आच दिली की उरलेले शिसे चांदीत शिरून खड्डे पाडते. म्हणून पूर्वी कोणी शिसे लावले असेल तर त्याचा कण न कण काढल्याशिवाय आच देता येत नाही. याच संदर्भात केडीएम हे नाव ज्यांनी दागिन्यांच्या दुकानात ऐकले आहे त्यांना कॅडमियमच्या डाखाची कल्पना असेल; तो छान वाहतो, पण ७६७ अंशांना कॅडमियमची वाफ होते आणि ती कारागिराच्या फुप्फुसांना घातक ठरते. हल्ली मोठ्या शहरांत लेझर किरणाने टाचणीच्या टोकाएवढ्या जागेवर धातू वितळवून जोडण्याची यंत्रे दागिन्यांच्या कामासाठी आली आहेत, आणि पातळ डबीसाठी ती सर्वांत सौम्य म्हणावी लागतील.

मानेची अंडाकृती भोके भरून काढण्याची जुनी रीत म्हणजे भोक थोडे मोठे व गोल करून त्यात त्याच धातूची बारीक नळी बसवणे; तिला झाळण्याचीही पुष्कळदा गरज पडत नाही, कारण नीट मापाची नळी दाबानेच घट्ट राहते. कडी पार पातळ झाली असेल तर ती बदलावी आणि जुनी जपून ठेवावी. चेपलेल्या झाकणाबद्दल सर्वसाधारण समज असा की आतून ठोकले की झाले. पण चांदी ठोकताना कडक होत जाते, आणि कडक झालेला पातळ पत्रा तडकतो. म्हणून गोलाईच्या लाकडी किंवा शिंगाच्या ठोकळ्यावर झाकण ठेवून गुळगुळीत पोलादी घोटणीने आतून हळूहळू दाबत पोचा वर आणायचा. गरज पडल्यास मंद लाल होईपर्यंत ताव देऊन धातू पुन्हा मऊ करायचा, पण झाकणावर मीनाकाम असेल तर ताव अजिबात द्यायचा नाही. शंभर टक्के सपाट होण्याआधी थांबणे शहाणपणाचे, कारण शेवटचा पुसट खळगा घालवण्याच्या नादात बहुतेक झाकणे ताणून लांब होतात आणि मग मिटतच नाहीत.

उजळवण्याचा विषय मात्र वेगळ्या शिस्तीने पाहावा लागतो. चांदी काळी पडते ती हवेतील गंधकाच्या संयुगांमुळे, आणि काळा थर घासून काढणे म्हणजे प्रत्येक वेळी थोडी चांदी फेकणे. घरोघरी समई आणि ताम्हण घासायला वापरली जाणारी रांगोळी डबीवर ओरखडे पाडते. टूथपेस्टही त्याच कारणाने टाळलेली बरी. सोड्याच्या गरम पाण्यात अॅल्युमिनियमच्या कागदासह वस्तू बुडवण्याचा उपाय भांड्यांसाठी ठीक असला, तरी घड्याळाच्या बिजागरीत शिरलेले पाणी निघत नाही. मऊ सुती कापड आणि चाळलेल्या खडूची पाण्यात कालवलेली पूड इतके पुरेसे असते, आणि तेही केवळ बाहेरून. सोन्याचा थर गेलेल्या डबीवर विजेच्या प्रवाहाने मुलामा देण्याचा मोह होतो. पण असा मुलामा मूळच्या लाटलेल्या थराच्या तुलनेत फारच पातळ असतो, तो बसण्यापूर्वी पृष्ठभाग गुळगुळीत घासावा लागतो, आणि यंत्राने कोरलेली लहरींची नक्षी त्या घासण्यात कायमची जाते. ती पुन्हा कोरण्याची यंत्रे आणि ती चालवणारे हात जगातच थोडे उरले आहेत.

झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावण्यापूर्वी भिंग घेऊन पाहावे. घड्याळजी दुरुस्तीची तारीख, स्वतःची खूण किंवा खात्याचा क्रमांक बारीक सुईने तेथे कोरून ठेवत, आणि अनेक डब्यांत अशा खुणांच्या रांगा दिसतात. आर्थर कॉनन डॉईल यांच्या १८९० च्या ‘द साइन ऑफ फोर’ या कादंबरीत शेरलॉक होम्स एका घड्याळाच्या आतील सावकारी क्रमांकांवरून आणि किल्लीच्या भोकाभोवतालच्या ओरखड्यांवरून त्याच्या मृत मालकाची व्यसने आणि गहाणे सांगतो. कादंबरीतली ती करामत असली, तरी तिचा आधार खरा आहे, कारण इंग्लंडातले सावकार गहाण घेतलेल्या घड्याळात पावतीचा क्रमांक खरोखरच कोरत असत. ही वही एकदा घासली गेली की दुसऱ्या कोणत्याही दप्तरात सापडत नाही.

आणि नेमके येथेच आपल्याकडील सराफी परंपरा आडवी येते. वऱ्हाडात चांदीच्या कामाला तोटा नाही; खामगाव तर रजतनगरी म्हणून ओळखले जाते आणि तेथील चांदीच्या मूर्ती व भांडी दूरवर जातात. परंतु दागिन्याच्या व्यवहारात झिजलेली वस्तू म्हणजे मोड. ती कसावर पाहिली जाते, वजन केले जाते, घट वजा होते आणि मुशीत जाऊन तिचे नवे काही होते. जुने वाळे जसेच्या तसे दुरुस्त करून घेणाऱ्याला सोनार वेड्यात काढील. या व्यवहाराला स्वतःचे तर्कशास्त्र आहे आणि ते चुकीचे नाही, कारण दागिन्याचे मोल त्याच्या धातूत आहे. घड्याळाच्या डबीतील धातूचे वजन मात्र थोडे असते, तिचे मोल तिच्या झिजेत आणि खुणांत असते, आणि कुशल हाताला दिलेल्या डबीवर ‘नवी करून द्या’ हे शब्द म्हणूनच सर्वांत धोक्याचे ठरतात. सोनार ते शब्दशः ऐकतो आणि कोणतीही कसूर न ठेवता पार पाडतो.

झिजेचे मोल कसे ठरते हे महात्मा गांधींच्या घड्याळांवरून दिसते. तुकडोजी महाराज १९३६ मध्ये ज्या सेवाग्रामला, तेव्हाच्या शेगावला, गांधीजींच्या सान्निध्यात राहिले, तेथे वेळेचा काटेकोरपणा हा दिनक्रमाचा कणा होता, आणि सदरा न घालणाऱ्या गांधीजींच्या कमरेला लोंबणारे घड्याळ त्यांच्या छायाचित्रांतून सर्वांना परिचित आहे. त्यांचे गजराचे झेनिथ घड्याळ एकदा चोरीस गेले आणि परतही आले. मार्च २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ते चष्मा, चपला, वाटी आणि ताटलीसह १८ लाख डॉलरला विकले गेले. त्यांनी १९४४ मध्ये एका व्यक्तीला भेट दिलेले दुसरे घड्याळ नोव्हेंबर २०२० मध्ये इंग्लंडात ब्रिस्टल येथे लिलावात निघाले. चांदीचा मुलामा असलेल्या साध्या डबीतले ते स्विस घड्याळ मोडके आणि बंद होते, तरी त्याला १२,००० पौंड मिळाले. विकणाऱ्याने ते आधी चकचकीत करून घेतले असते, तर त्याच्यावरचा गांधीजींच्या हातांचा वापर दाखवणारा पुरावाच गेला असता. सामान्य कुटुंबातील आजोबांच्या घड्याळाला असा लिलाव लाभणार नाही, पण त्याच्या बाबतीत धातूचा आणि खुणांचा हिशोब तोच राहतो.

वऱ्हाडातल्या मालकापुढे व्यवहाराची एक अडचण उरते. घड्याळजी आणि सोनार यांची दुकाने निराळी असतात, एकाला आच लावता येत नाही आणि दुसऱ्याला मशीन उलगडता येत नाही. म्हणून घड्याळजीकडून मशीन उतरवून घेऊन ते धूळ लागणार नाही अशा बंद डब्यात त्याच्याकडेच ठेवावे, आणि रिकामी डबी घेऊन सोनाराकडे स्वतः जावे. बिजागरी, मान आणि अटक एवढीच कामे करायची, शिसे वापरायचे नाही, झाकणाच्या आत आणि नक्षीवर घोटायचे नाही, काढलेला प्रत्येक तुकडा परत द्यायचा, हे कागदावर लिहून द्यावे. डबी परत आल्यावर झाकण दिव्यासमोर धरून मिटवून पाहावे. सांध्यातून उजेडाची रेघ कोठेही दिसली नाही, तरच ती मशीन बसवायला घड्याळजीकडे न्यावी.